कायद्याचं शिबिर आणि पिशवीतले कागद

कायदेविषयक जनजागृती शिबिराचा साचा ठाणे जिल्ह्यात सगळीकडे सारखाच. पालिका शाळेचा हॉल किंवा गावाचं समाजमंदिर, मागे फ्लेक्स, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग भाषण. भाषणात घटनेचं कलम १४ येतं, २१ येतं, ३९-क येतं. ‘कायद्याचं अज्ञान ही सबब होऊ शकत नाही’ हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. टाळ्या होतात, चहा-वडा होतो, हजेरीच्या वहीवर सह्या होतात. खुर्च्या उचलायला सुरुवात झाली की मागच्या रांगेतली दोन-चार माणसं पुढे येतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घड्या पडलेले कागद. “साहेब, एवढं जरा बघता का?” शिबिर खरं तर इथून सुरू व्हायला हवं, पण नेमकी तेव्हाच पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाची घाई असते.

हक्क शिकवायला माझा विरोध नाही. पण सामान्य माणूस न्यायापासून दूर राहतो तो बहुतेक वेळा हक्क माहीत नसल्याने नव्हे. हातात कुठला कागद आहे, त्यावरची तारीख काय सांगते आणि आता कुठल्या टेबलावर जायचं, हे न कळल्याने तो अडकतो. ही तीन उत्तरं मिळाली तर घटनेतलं एकही कलम पाठ नसलेली बाईसुद्धा काम करून घेते. ती न मिळाल्यामुळे पदवीधर माणसंही दावा गमावून बसलेली दिसतात.

कायद्याच्या पुस्तकात कमी काही नाही. ४२व्या घटनादुरुस्तीने १९७६ साली कलम ३९-क आलं, गरजूंना मोफत कायदेशीर मदत द्यायची असं राज्याला सांगणारं. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांत खटला न चालता वर्षानुवर्षं पडून असलेल्या कैद्यांची हकीकत सुप्रीम कोर्टासमोर आली आणि मोफत वकील हा हक्काचा भाग ठरला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा, तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. यंत्रणा आहे, पैसाही काही प्रमाणात आहे. अडतं ते पिशवीपाशी.

त्या पिशवीत सगळ्यात जास्त वेळा सापडणारा कागद म्हणजे एनसी.

शेजाऱ्याशी भांडण झालं, त्याने ढकललं, मारलं, ‘बघून घेतो’ म्हणाला. माणूस पोलीस ठाण्यात जातो, बाकावर बसतो, तक्रार सांगतो आणि शिक्का असलेला कागद घेऊन घरी येतो. घरी सांगतो, “केस केली.” मग महिना-दोन महिने फोनची वाट बघतो. फोन येत नाही, कारण तो यायचाच नसतो. हातातला कागद अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खाली ही नोंद होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. एफआयआर होतो तो कलम १७३ खाली. कागदाच्या वरच्या भागातला हा आकडा बघितला की प्रश्न मिटतो. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधीच्या कागदांवर याच जागी १५५ आणि १५४ दिसतील.

साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी ही भारतीय न्याय संहितेची ११५(२), ३५२ आणि ३५१(२) ही कलमं एनसीतच जातात. त्यात पोलिसांनी फसवलं असं नेहमी नसतं. घोटाळा होतो तो दुखापतीत. हाड मोडलं किंवा दात पडला तर ती कायद्याने गंभीर दुखापत आणि दखलपात्र गुन्हा. आता वेळा बघा. भांडण रात्री ९ ला, एनसी ११ ला. हात सुजला म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स-रे, फ्रॅक्चरचा रिपोर्ट दुपारी. रिपोर्ट पिशवीत जातो, एनसीच्या मागे, आणि तिथेच राहतो. पोलिसांना तो कुणी दाखवलेलाच नसतो, आणि पोलीसही आपणहून विचारायला जात नाहीत.

इथे करायचं काम अर्ध्या तासाचं आहे. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहायचा, त्यात एनसीचा क्रमांक व तारीख टाकायची, रिपोर्टची झेरॉक्स जोडायची, दोन प्रती करायच्या. एक प्रत आवक टेबलावर द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊन ती परत आणायची. पोच न घेता दिलेला अर्ज हा न दिल्यासारखाच. तरीही गुन्हा नोंदवला नाही तर तोच मजकूर स्पीड पोस्टाने वरच्या अधिकाऱ्याला पाठवायचा. ठाणे शहर आणि नवी मुंबईत आयुक्तालय असल्याने उपायुक्तांना, शहापूर-मुरबाडकडे पोलीस अधीक्षकांना. त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह अर्ज. मधली पायरी गाळून थेट कोर्टात गेलं तर पहिला प्रश्न हाच येतो, “अधीक्षकांना कळवलं होतं का?” म्हणून पोस्टाची पावती अर्जाच्या प्रतीलाच टाचून ठेवायची. वेगळी ठेवलेली पावती हमखास हरवते.

‘हद्द आमची नाही’ हे उत्तर आपल्याकडे फार ऐकू येतं. रेल्वे पोलीस आणि शहर पोलीस यांच्या हद्दीच्या रेषा प्रवाशाने का माहीत ठेवाव्यात? दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्याने घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे वर्ग करायची, ही झिरो एफआयआरची तरतूद आता कलम १७३ मध्येच आहे. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. ही सही राहिली की लोकांना वाटतं गुन्हा दाखल झालाय, आणि तो झालेला नसतो.

दुसरा कागद चेकचा.

वाशीच्या एपीएमसीपासून भिवंडीच्या गोदामांपर्यंत उधारीवर धंदा चालतो आणि उधारीपोटी पुढच्या तारखेचे चेक दिले-घेतले जातात. चेक वटला नाही की परक्राम्य संलेख (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स) कायद्याखाली ‘१३८ ची केस’ करायची, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतात ते दिवस. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. ते उलटले की एक महिन्यात तक्रार. समोरचा माणूस हे दिवस जाणून असतो, म्हणून तो भांडत नाही, गोड बोलतो. ‘पुढच्या सोमवारी टाकतो’ असे चार सोमवार गेले की महिना संपतो. तक्रार दाखल करायला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडून माफी मिळू शकते. नोटिशीच्या ३० दिवसांना माफी नाही. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत भरता येतो, आणि पुन्हा परत आला तर ३० दिवस नव्याने मोजता येतात. बुडत्याला हा एक आधार आहे, तो बहुतेकांना कुणी सांगत नाही. नोटिशीत चेकचीच रक्कम मागायची. व्याज, नुकसानभरपाई, वकिलाची फी असं सगळं एका आकड्यात मिसळलं तर पुढे त्याच नोटिशीवर केस पडू शकते.

ज्याला नोटीस येते त्याची चूक उलटी असते. पाकीट घेतलंच नाही की आपण सुटलो, ही समजूत चाळीत आणि टॉवरमध्ये सारखीच पक्की आहे. योग्य पत्त्यावर पाठवलेलं पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत गेलं की कायदा ते मिळालं असंच धरतो. पाकीट नाकारणाऱ्याला फक्त आत काय लिहिलंय ते कळत नाही, बाकी काही फायदा होत नाही. दिवाणी दाव्याच्या समन्सचंही तेच. लेखी जबाबाला ३० दिवस असतात, कोर्ट ते ९० पर्यंत वाढवू शकतं, त्यानंतर एकतर्फी निकालाचा रस्ता मोकळा.

घोडबंदर रोड आणि सायन-पनवेल महामार्गाच्या काठी राहणाऱ्यांना आणखी एक मुदत सांगायला हवी. १ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघाताच्या भरपाईचा दावा सहा महिन्यांत करायची अट आली आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलंय, पण घरच्यांनी सहा महिने धरूनच चालावं. अपघातात घरातला कमावता माणूस गेला तर पहिले तीन महिने दिवसकार्य, हॉस्पिटलची बिलं आणि विम्याच्या एजंटच्या फेऱ्यांत जातात. उरतात तीन.

आता ज्या कागदावर शिबिरात क्वचितच बोललं जातं, त्याकडे येतो. हक्कसोडपत्र.

सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, तिची स्थापना १९७० ची. नवी मुंबईसाठी ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या, १९८४ साली जासईला आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. हा इतिहास इथल्या प्रत्येक घराला तोंडपाठ आहे. त्या घरातल्या मुलींचं काय झालं, हे मात्र हळू आवाजात बोललं जातं. भूखंडाची फाइल पुढे सरकवायची तर वारसांची नावं लागतात. भाऊ बहिणीला घेऊन दुय्यम निबंधकाकडे जातो, “आबांच्या कागदावर सही हवीय” म्हणतो, अंगठा-फोटो होतो, येताना साडी मिळते. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र म्हणजे त्या मिळकतीतल्या तिच्या हिश्शावर पाणी. नंतर मत बदललं म्हणून ते रद्द होत नाही. फसवून किंवा दबावाने घेतलं असं कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठी फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं मिळतात.

मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने दिला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे २०२० साली विनीता शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं. शिबिरात ही दुरुस्ती आणि हा निकाल सांगितला जातो, बायका मान डोलावतात. त्यापेक्षा हक्कसोडपत्राची एक नमुना प्रत सगळ्यांच्या हातात द्यावी. पहिल्या पानावर मिळकतीचं वर्णन कुठे असतं, ‘स्वखुशीने व विनामोबदला’ हे शब्द कुठल्या परिच्छेदात असतात, दस्त क्रमांक कुठे पडतो, सूची क्रमांक दोनची (नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्याची) प्रत कशी काढायची, हे बोट ठेवून दाखवावं. सही करायच्या आधी मसुदा घरी नेऊन वाचायचा हक्क आहे, एवढं एक वाक्य पुरे. सही आधीच झालेली असेल तर त्या सूचीवरची तारीख पहिल्यांदा बघायची. बहिणीने भावाशी भांडावं असं मी म्हणत नाही. काय सोडतोय ते कळून सोडावं, इतकंच.

त्यातच वारसाचा घोळ. तलाठ्याकडची वारस नोंद महसुली अभिलेखापुरती. वारस म्हणून मोठी रक्कम किंवा भूखंड घेताना अनेकदा कोर्टाचा दाखला मागितला जातो, आणि कोर्टाच्या कामात जाहीर नोटिशीपासून हरकतींपर्यंत महिने जातात. फेरफार झाला म्हणजे सगळं झालं, असं समजून बसलेली कुटुंबं तिथे अडकतात.

जमीन गेलेल्या याच गावांच्या गावठाणांच्या आतबाहेर ‘गरजेपोटी’, म्हणजे कुटुंब वाढलं म्हणून परवानगीशिवाय, बांधलेली घरं आहेत. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली, तळवली. खाली मालक, वर चार मजले भाडेकरू. करार ११ महिन्यांचा, नोंदणी नाही, कारण ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही ही समजूत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ याच्या नेमकं उलट सांगतं. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

मग भाडेकरू डिपॉझिट का गमावतात? कलम ५५ माहीत नाही म्हणून, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं, की मालकाच्या घराचे स्वतःचेच कागद लटकलेले असतात. त्याला दस्त कुठल्याही कार्यालयासमोर आणायचा नसतो आणि भाडेकरूला त्या भाड्यात दुसरीकडे खोली मिळत नसते. दोघेही समजून-उमजून कच्च्या कागदावर राहतात. अशा माणसाला ‘नोंदणी करा’ असा उपदेश करून काही होत नाही. त्याला सांगायचं ते वेगळं. डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यातून द्या. देताना शेऱ्यात ‘खोलीचे डिपॉझिट’ लिहा. भाडं दर महिन्याला त्याच खात्यात जाऊ द्या. सोडायच्या एक महिना आधी व्हॉट्सॲपवर लिहून कळवा आणि मालकाचं उत्तर जपा. कच्च्या घरातही पुरावा पक्का ठेवता येतो. कायद्याचं शिक्षण आदर्श परिस्थिती गृहीत धरून दिलं की ते पुस्तकी होतं, ते असं.

मोफत वकिलाबद्दल आता. ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, तालुक्यांत तालुका समित्या आहेत, फोन १५१००. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतली व्यक्ती, आपत्तीग्रस्त, मानवी तस्करीचे बळी यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ खाली उत्पन्नाची अट न पाहता वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत लागतं. हे ऐकून सगळ्यात जास्त चकित होतात त्या मध्यमवर्गीय बायका. नवऱ्याचा फ्लॅट आहे, म्हणून आपल्याला मदत मिळणार नाही असं त्या धरून चाललेल्या असतात. अर्ज एका पानाचा आहे. नाव-पत्ता, कुठल्या गटातून अर्ज, वाद काय, विरुद्ध बाजू कोण, सोबत असतील ते कागद. २०१० च्या विनियमांप्रमाणे अर्जावर निर्णय सात दिवसांच्या आत व्हायला हवा. उत्पन्नासाठी साधारणपणे स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरतं.

प्रतिज्ञापत्र म्हटलं की माणूस कोर्ट नाक्यावर स्टॅम्प शोधायला जातो. १०० रुपयांच्या मुद्रांकाची जागा ऑक्टोबर २०२४ पासून ५०० च्या मुद्रांकाने घेतली, आणि ‘आता गरिबाने काय करायचं’ अशी ओरड झाली. शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या आदेशानेच माफ आहे. साधा कागद चालतो. तरी खिडकीवरचा कारकून स्टॅम्प मागतो, टायपिस्ट स्टॅम्प लावतो आणि अर्जदार भांडायच्या मनःस्थितीत नसतो. माफीचा आदेश वीस वर्षं जुना होऊनही खिडकीपर्यंत पोचलेला नाही. जनजागृती नागरिकांची करायची की कारकुनांची, असा प्रश्न पडतो तो अशा वेळी.

‘फुकटचा वकील काय कामाचा?’ हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलाला दर प्रकरणामागे मिळणारं मानधन खासगी फीच्या मानाने फार थोडं, आणि ते बिलं सादर झाल्यावर येतं. चांगली माणसं तरीही निष्ठेने काम करतात, पण सगळ्यांकडून निष्ठेची अपेक्षा ठेवून यंत्रणा चालत नाही. २०२२ च्या योजनेने फौजदारी कामासाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची कार्यालयं उभी करायला सुरुवात झाली. त्यातल्या वकिलांना खासगी प्रॅक्टिस करता येत नाही. माझ्या मते हा गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात शहाणा बदल आहे. अशिलाच्या बाजूने बिघडतं ते असं: वकीलपत्रावर सही होते, पुढची तारीख वकिलाच्या डायरीत जाते, अशिलाकडे काहीच राहत नाही. म्हणून नेमणुकीच्या पत्राची प्रत घ्यायची आणि सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागायचा. हा सोळा अक्षर-अंकांचा असतो. पहिली चार अक्षरं राज्य-जिल्ह्याची, शेवटचे चार आकडे वर्षाचे. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की मागच्या तारखेला काय झालं आणि पुढची तारीख कोणती हे घरी बसून दिसतं. वकील फोन उचलत नसेल, पैसे मागत असेल, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी अर्ज करून वकील बदलून मिळतो. अर्जाची पोच घ्यायचीच.

मुळात कुठल्या कोर्टात जायचं, यातही दिवस मोडतो. नवी मुंबईतलं बरंचसं काम बेलापूरच्या कोर्टात चालतं. घणसोलीचा माणूस ठाण्याला जाऊन परत फिरतो. मुरबाडला तर रेल्वेच नाही. तिथल्या कातकरी बाईला ‘जिल्ह्याच्या ठिकाणी या’ म्हणणं म्हणजे दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायला सांगणं. तिला तालुका समितीचा पत्ता आधी द्यायला हवा.

तुरुंगातलं चित्र आणखी वेगळं. ठाणे आणि तळोजा ही दोन मोठी मध्यवर्ती कारागृहं आपल्याच अंगणात आहेत. जामीन मंजूर होऊनही माणूस आत राहतो, कारण जामीनदार नाही. रेशनकार्ड, पगारपत्रक, घरपट्टीची पावती असणारा स्थानिक माणूस आणायचा कुठून, जर आरोपी नाक्यावरचा मजूर असेल आणि भाऊबंद दरभंग्याला असतील? १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याला हाच अनुभव आला होता. १०,००० रुपयांचा जामीन मागितला गेला आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याची हमी नाकारली. न्या. कृष्णा अय्यर यांनी ती अट मोडून काढली. निकालाला इतकी वर्षं झाली तरी ‘लोकल शुअरिटी’ मागायची सवय गेलेली नाही. सुप्रीम कोर्टाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामिनाचा आदेश ई-मेलने तुरुंगात जायला हवा, आणि सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर सुटकेचा अर्ज तुरुंग अधीक्षकांनीच करायचा आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे यात नाहीत, आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तर लाभ मिळत नाही. नातेवाइकांना हे कळलं तर ते निदान तारीख मोजून विचारायला जातील. अर्ज आपोआप होईल या भरवशावर राहणं धोक्याचं.

आफ्रिकेत मलावीने २००० साली एक गोष्ट करून दाखवली. वकील मूठभर, तुरुंग भरलेले. तिथे प्रशिक्षित पॅरालीगल (वकील नसलेले, पण कायद्याच्या कामाचं शिक्षण घेतलेले कार्यकर्ते) थेट तुरुंगात जाऊ लागले आणि कैद्यांना कोर्टात उभं राहून स्वतःचा जामीन कसा मागायचा हे नाटुकल्यातून शिकवू लागले. एक कैदी मॅजिस्ट्रेट, एक पोलीस, एक आरोपी. सिएरा लिओनमध्ये यादवी संपली तेव्हा बहुतेक वकील राजधानीतच होते. तिथे गावोगावच्या पॅरालीगलना २०१२ च्या कायद्याने अधिकृत स्थान दिलं. आपल्याकडे विधी स्वयंसेवकांची योजना २००९ पासून आहे, वकील तर भरपूर आहेत. कमी आहे ती त्या नाटुकल्याची. ठाण्याच्या शिबिरात कुणी पोलीस ठाण्याचं टेबल मांडून ‘आता तू एफआयआर माग’ असा सराव करून घेतला, तर लोक वड्यांची वाट न बघता बसतील.

लोकअदालतीबद्दल थोडक्यात. ई-चलनाचा एसएमएस आल्यामुळे आता ती घराघरांत माहीत झाली. तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते, वाद संपतो, हे चांगलंच. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. पोटगीची रक्कम किंवा अपघाताची भरपाई ठरवताना हप्ते किती, कुठल्या तारखेला, चुकले तर काय, हे निवाड्यात लिहिलंय का ते बघून मगच सही करावी. गर्दीत, दुपारी दोनच्या सुमाराला, ‘करून टाका ताई’ असा आग्रह होतो. निकाली निघालेल्या प्रकरणांच्या आकड्यात ई-चलनं आणि बँकांची दाखलपूर्व वसुली प्रकरणं मिसळलेली असतात, तेव्हा त्या आकड्यावरून न्याय किती पोचला हे ठरवू नये.

मग शिबिर कसं घ्यावं? दोनशे खुर्च्या नकोत, पंचवीस पुरेत. एक विषय, दीड तास, त्यात बोलणं वीस मिनिटांचं. निमंत्रणातच लिहावं, ‘कागद घेऊन या, मूळ प्रत आणू नका, झेरॉक्स आणा.’ झेरॉक्स दोन्ही बाजूंची, कारण शिक्के आणि पोस्टाचे शेरे बहुधा मागच्या बाजूला असतात. दर दहा-बारा माणसांमागे कागद वाचू शकणारा एक स्वयंसेवक. प्रत्येक पिशवीतले कागद तारखेप्रमाणे लावायचे, जुना खाली, नवा वर, आणि वरच्या पानावर पेन्सिलीने पुढची मुदत लिहायची. नाका कामगारांसाठी सकाळी आठला नाक्यावरच, रविवारी नाही, कारण रविवारी ते नाक्यावर नसतात. वस्तीतल्या बायकांसाठी पाण्याची वेळ टाळून, साधारण दोन ते चार. भाषा मराठीच हवी असा हट्ट तुर्भ्याच्या वस्तीत धरून चालत नाही. पण एफआयआर, पंचनामा, जबाब मराठीत असतात, म्हणून हिंदी बोलणाऱ्याला मराठी कागदावरचे पाच-सहा नेहमीचे शब्द ओळखायला शिकवणं हे वेगळं काम म्हणूनच घ्यावं. एक महिन्याने त्याच जागी परत जायचं आणि वहीत बघायचं: किती अर्जांवर पोच आली, किती नोटिशी मुदतीत गेल्या. हजेरीच्या सह्यांपेक्षा हा हिशेब लहान निघेल. तो अहवालात लिहायला अवघड वाटतो, म्हणूनच कदाचित कुणी ठेवत नाही.

यात कच्चा दुवा स्वयंसेवकाचा आहे. त्याला मानधन मिळतं ते काम दिलेल्या दिवसापुरतं. दोन वर्षं कागद वाचून ज्याची नजर तयार होते तो नोकरी लागली की जातो, आणि नवीन तुकडीचं प्रशिक्षण पुन्हा कलम १४ पासून सुरू होतं. कोर्ट नाक्यावरचा टायपिस्ट मात्र रोज त्याच खुर्चीवर असतो. त्याला कुठला अर्ज कुठल्या टेबलावर जातो हे पाठ असतं, म्हणून लोक प्राधिकरणाच्या आधी त्याच्याकडे जातात, आणि त्याची चूक झाली तर शेकडो अर्जांत तीच चूक छापली जाते. विधी सेवेचं पुढचं प्रशिक्षण या टायपिस्टांचं आणि मुद्रांक विक्रेत्यांचं घ्यायला हरकत नसावी. वकील संघटनांची असेल, पण ती बोलून सोडवता येईल.